बांधाबाहेरून काढलेली फुलं

सन १९७७. मला अठरावं सरून एकोणिसावं लागलं होतं, असं आई सांगायची. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी त्यांच्या सोयीची तारीख टाकली होती, म्हणून मी आईचंच खरं धरतो. शाळा तशी चौथीतच सुटली. सुटली म्हणजे मी सोडली. मास्तरांनी दुसऱ्याच्या खोडीसाठी मला अंगठे धरायला लावले, मी धरले नाहीत, पाटी उचलली आणि घरी आलो. परत गेलो नाही. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकदाच विचारलं, "जायचं न्हाई?" मी म्हणालो, "न्हाई." त्यांनी दुसऱ्या दिवशी माझ्या हातात गुरांची दावी दिली. आमच्या घरात कुणी कुणाला दोनदा विचारत नसे.

घर गावाच्या शेवटाला होतं, पारनेरपासून सायकलीवर तासाभराच्या वाटेवर. दगडमातीच्या भिंती, वर पत्रा, पुढं गोठा, आणि गोठ्याच्या पलीकडं सगळा माळ. पहाटे आधी जात्याची घरघर कानावर यायची, मग बैलांच्या गळ्यातली घुंगरं, मग टिटवी. आई चुलीपुढं बसून बाजरीच्या भाकरी थापायची तो आवाज मला आजही झोपेत ऐकू येतो. पावसाळ्यात कुर्डूची भाजी, बाकी दिवसांत हुलग्याचं माडगं आणि ठेचा. माडगं गरम असताना त्यात भाकरी कुस्करायची आणि वरून कच्चं तेल. सूनबाई आता कधीमधी करून देते, चांगलं करते, पण ती त्यात जिरं फार टाकते. मी बोलत नाही, खातो.

गुरांमागं काही वर्षं काढल्यावर मी पारनेरला शमुवेलकाकांच्या फोटो स्टुडिओत लागलो. काका मूळचे नगरचे, मिशनच्या शाळेत शिकलेले, अंगात कायम इस्त्रीचा सदरा. लग्नाचे फोटो, शाळेचे ग्रुप, नाताळात चर्चमधले, आणि कुणी गेलं तर भिंतीवर लावायला मोठा करून दिलेला चेहरा, असा त्यांचा धंदा. मी झाडलोट करायचो, पाण्याच्या घागरी भरायचो. हळूहळू अंधाऱ्या खोलीतलं काम हाताला बसलं. लाल दिव्याखाली पांढरा कागद औषधाच्या ट्रेमध्ये बुडवायचा, ट्रे जरासा हलवत ठेवायचा, आणि कागदावर माणूस वर येताना बघायचा. हे मला कुणी फुकट करायला सांगितलं असतं तरी मी केलं असतं. तसं मी काकांना मात्र कधी कळू दिलं नाही.

काकांच्या कपाटात फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळलेली एक लेन्स होती. हातभर लांब, लोखंडासारखी जड. तिला ते 'टेली' म्हणत. मुंबईच्या एका दोस्ताकडून त्यांनी ती हौसेनं घेतली, एका पुढाऱ्याच्या सभेत एकदा वापरली, आणि मग ती पडून राहिली. मी विचारलं, लग्नात का नाही लावत, तर म्हणाले, "लग्नात कशाला रे? नवरीचा मामा काय माळावर पळून चाललाय का, त्याला लांबून धरायला?" लग्नाच्या रोलात शेवटी दोन-चार फोटो उरायचे. ते वाया घालवण्यापेक्षा तू काढ, असं काका म्हणाले, आणि सोमवारी दुकान बंद असायचं तेव्हा कॅमेरा, टेली आणि ती उरलेली फिल्म माझ्या सायकलला बांधून द्यायचे. लेन्स पडली तर मला तोंड दाखवू नको, एवढंच बजावायचे.

आता कुरणाचं सांगितलं पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या घरापासून टेकडीपर्यंत गावाचं कुरण होतं, चहूबाजूंनी धोंड्यांचा बांध. आषाढ सरला की खंडोबाच्या देवळात नारळ फोडून कुरण बंद करायचे. तेव्हापासून दसऱ्यापर्यंत आत जनावर नाही, विळा नाही, माणसाचं पाऊलसुद्धा नाही. दसरा झाला की सगळं गाव एकदम गवत कापायचं आणि घराघराला सारखा वाटा. आमचा तालुका कोरडा. होळीनंतर माळावर बैलाला चघळायला काडी राहत नाही, तेव्हा त्या वाट्यावरच गोठा जगायचा. बंदीत ज्या घरातलं माणूस आत शिरलं त्या घराचा वाटा गेला, हा कायदा कुठं लिहिलेला नव्हता आणि कुणी मोडतही नव्हतं. राखणीला दरसाल एक जण विडा उचलायचा. आत जायची मुभा फक्त त्याला, तीही कामापुरती आणि अनवाणी. त्या साली तो विडा आबांनी उचलला होता.

आणि आत फुलं! बाहेरचा माळ शेळ्यांनी खरवडलेला, पण बांधाच्या आत मारवेल आणि पवन्याचं गवत कमरेला लागायचं, आणि त्यातून निळी, पिवळी, पांढरी फुलं डोकं वर काढायची. बांधापासून चार-पाच बैलगाड्या एकामागं एक उभ्या कराव्यात इतक्या आत एक बोरीचं झुडूप होतं, त्यावर कळलावीचा वेल चढला होता. खाली पिवळी, वर लाल, पाकळ्या उलट्या मुडपलेल्या, जशा चुलीतल्या जाळाच्या जिभा. बाहेरच्या वेलांचे कंद वैदूंनी खणून नेले होते, त्यामुळं कळलावी बघायची तर कुरणातच. मी लहानपणापासून ती लांबूनच बघत आलो होतो. टेली हातात आल्यावर पहिल्यांदा मनात आली ती हीच फुलं.

मी बांधाच्या बाहेरून पोटावर पालथा पडायचो. एका पिशवीत आईची बाजरी भरून घ्यायचो, ती बांधावर ठेवून तिच्यात लेन्स रुतवायची, म्हणजे हलत नाही. मग एक डोळा मिटायचा आणि लेन्सचं कडं फिरवायचं. आधी सगळं धुकट, मग गवताची एक काडी लखलखीत होऊन पुन्हा विरघळायची, तिच्या मागची दुसरी यायची, आणि असं एकेक काडी ओलांडत नजर आत चालत जायची. शेवटी फूल. त्याच्यातले तुरे, तुऱ्यावरची पूड, पूड खाणारी मुंगी. वारा मोठा हट्टी, पण मी त्याच्यापेक्षा जास्त. मुंग्या सदऱ्यात शिरायच्या, कोपरं सोलून निघायची. वारा थांबेपर्यंत मी हलायचो नाही. हल्ली नातू मोबाईलवर दोन बोटं फाकवून दाखवतो, "बघा आजोबा, किती जवळ आलं." मी म्हणतो, येतं खरं, पण तुला तिथवर चालत जावं लागलं नाही.

त्यातला एक फोटो साधला. आम्ही नेगेटिव्हचा मधला तुकडा धरून वहीच्या पानाएवढा कागद केला. काळापांढराच, लाल-पिवळं काही नाही, पण फूल असं काही उभं राहिलं होतं की काका चष्मा कपाळावर सरकवून बघत बसले. एक प्रत मी घरी आणली. आईनं हात पदराला पुसून ती घेतली आणि लगेच परत दिली. "कळलावी हाय ही. घरात न्हाई आनायची, भांडनं हुत्यात."

"अगं, फोटू हाय हा."

"फोटू आसला म्हून काय झालं? लाव गोठ्यात. बैलं काय भांडायची ती भांडू दे."

दुसरी प्रत काकांनी दुकानाच्या दर्शनी काचेत लावली, नवरा-नवरीच्या जोड्यांमध्ये. बाजाराच्या दिवशी आमच्या गावचे गणपततात्या तिथं थांबले. तात्या म्हणजे आबांच्या आधी सलग काही वर्षं राखण केलेला माणूस, वयानं आबांएवढाच, आवाज मात्र देवळाच्या घंटेसारखा. काचेला नाक लावून म्हणाले, "कुठली रं ही फुलं?" मी छाती फुगवून सांगितलं, "आपल्या कुरनातली. मीच काढलीत."

तात्यांनी एकदा फोटोकडं बघितलं, एकदा माझ्या पायांकडं. "आसं व्हय," म्हणाले आणि निघून गेले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी दिवसभर खुशीत होतो.

दोन दिवसांनी देवळात बोलावणं आलं. पाटील कट्ट्यावर बसलेले, त्यांच्या मांडीवर दुकानाच्या काचेतला तो फोटो, तात्यांनी काकांकडून मागून आणलेला. आबा खांबाला टेकून उभे, हातात राखणीची काठी.

पाटील म्हणाले, "पोरा, आत गेल्तास का?"

"न्हाई. बांधाभायरून काढलाय."

तात्या उसळले. "बांधाभायरून? आरं, फुलातली मुंगी दिसती ह्यात! मुंगीच्या तोंडातलं बी दिसतंय! एवढं जवळ तिचा नवरा तरी जातो का?" लोक हसले. मीही हसलो असतो, पण माझ्यावरच हसत होते.

मी टेलीचं सांगायला लागलो, तर दोघं-तिघं एकदम म्हणाले, असली काय नळी आम्ही लग्नात कधी बघितली नाही. पाटलांनी हात वर केला. "वाद नको. बेलभंडारा उचल आन् सांग, गेलो न्हाई म्हून. मिटलं."

पुजाऱ्यानं ताटली पुढं केली. हळदीचा पिवळाधमक भंडारा, वर बेलाचं पान. उचलला असता तर तिथंच संपत होतं. पण माझं डोकं फिरलं. मी खरं बोललो होतो, आणि खरं बोलणाऱ्याला देवाची साक्ष कशाला? चोरानं उचलावा भंडारा. "मी न्हाई उचलायचा," म्हणालो. "बोललोय त्येवढं बास हाय."

पाटील आबांकडं वळले. "राखनदार, तुमचं काय म्हननं?"

मी आबांकडं बघितलं. माझा बाप आहे, आता बोलेल, असं मला वाटलं. आबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "माझं म्हननं न्हाई," म्हणाले.

निकाल साधा होता. दसऱ्यापर्यंत मी खोटा नाही हे दाखवलं नाही, तर आमच्या घराचा गवताचा वाटा बंद, आणि पुढच्या साली राखण दुसऱ्याकडं. घरी येताना आबा पुढं, मी मागं. गोठ्यातले दोन बैल आणि दुभती म्हैस आमच्याकडं बघत होती, आणि उन्हाळ्यात यांच्यापुढं टाकायला काही नसणार हे मला दिसत होतं.

त्यानंतर घरात बोलणं बंद झालं. माझं आणि आबांचं. मला वाटे, बापानं मला चोर धरलं. आबांच्या मनात काय होतं ते आबाच जाणत. जेवायला शेजारी बसायचो, पण मीठ हवं असलं तर आबा दाराबाहेरच्या बैलाला सांगायचे, "राजा, मीठ हिकडं सरकवा म्हनावं." मग मी आईला म्हणायचो, "राजाला म्हनावं, मीठ सरकवलंय." आई एकदा परात आपटून म्हणाली, "राजाच्या घरी जाऊन जेवा दोघं बी!" पुढं मी स्टुडिओतच झोपायला लागलो, घरी फक्त सोमवारी.

शमुवेलकाकांनी हे काही दिवस बघितलं. एका दुपारी पंचा झटकत म्हणाले, "भंडारा नको उचलायचा, ठीक. तुझी मर्जी. पण लेन्स दाखवायला काय हरकत आहे? तिची काय शपथ घ्यायची नाही." मी म्हणालो, त्यांना बघायचं असेल तर ते येतील. काका म्हणाले, "ते येणार नाहीत, तूही जाणार नाहीस, मग मीच जातो," आणि खरंच सायकल काढून पाटलांकडं जाऊन आले.

सोमवारी सकाळी अर्धं गाव बांधावर. मी बाजरीची पिशवी ठेवली, टेली बसवली, वेलावर नेम धरला. कळलावीचा बहर ओसरत आला होता, तरी वरच्या अंगाला ताजी फुलं होती. पाटलांनी पागोटं काढून माझ्या हातात दिलं आणि पालथे झाले. बघता बघता त्यांचा उजवा हात पुढं गेला आणि हवेत चाचपडू लागला, फूल खुडायला. हसण्याचा एकच कल्लोळ झाला. पाटील उठले, स्वतःच्या हाताकडं बघत म्हणाले, "आयला, हाताशीच हाय की!" मग रांग लागली. कुणी नको तोच डोळा मिटून "काळोख हाय" म्हणालं, एक म्हातारी तोंडावर पदर घेऊन मागं सरली, फुलानं तिच्याकडं बघितलं म्हणाली.

सगळ्यात शेवटी तात्या. बराच वेळ बघितलं, गुडघे झाडत उठले आणि म्हणाले, "दिसतं. ते कबूल. पन डोळ्याला दिसतं त्ये कागदावर उतरतं कशावरून? आरशात बी तोंड दिसतं, म्हून आरसा काय फोटू काढतो?"

मला राग आला, पण खरं सांगतो, प्रश्न बिनतोड होता. पाटील म्हणाले, "मंग आत्ता काढ आमच्या देखत." तात्या म्हणाले, "आधी काढलेलीच फुलं फिरून दाखवंल. आत येगळं कायतरी पायजे, जे आज हाय आन् त्या दिशी नव्हतं." पण आत वेगळं काही ठेवायचं तर ठेवणार कोण? आत पाय टाकायचा नाही.

तेवढ्यात आबा बोलले. त्या सगळ्या दिवसांत गावापुढं पहिल्यांदाच. "मी जातो. मी हुभा ऱ्हातो वेलापाशी."

वहाणा त्यांनी बांधावर काढल्या. गवताच्या ठोंबांच्या मधून मधून, एकेक पाय उचलून, जमीन बघून टेकवत चालले, जसं निजलेल्या पोरांमधून बाई चालते. मी लेन्सला डोळा लावला. आधी पाठ, मळका सदरा, मग ते वळले, आणि आबांचा चेहरा एकदम माझ्यासमोर आला. इतक्या जवळून मी त्यांना कधी बघितलेलं नव्हतं. आमच्यात पोरगं बापाच्या तोंडाकडं टक लावून बघत नाही. डोळ्याखाली बैलाच्या शिंगाचा जुना व्रण होता, तो मला माहीतच नव्हता. दाढीचे खुंट पांढरे झाले होते. त्यांना वाटत होतं ते लांब आहेत. आधी ताठ उभे राहिले, फोटोला उभं राहतात तसे. मग बाजूच्या फुलाकडं लक्ष गेलं, आणि ते विसरले. वाकले, तान्ह्या पोराची हनुवटी वर करावी तसं एक बोट फुलाखाली धरलं, आणि त्यांच्या ओठांवर हसू आलं. आमच्या घरात ते हसू कधी दिसलं नव्हतं. मी बटन दाबायचं सोडून बघतच राहिलो.

"काढ की रं!" तात्या कानाशी ओरडले. मी दाबलं.

फिल्म धुताना काकांनी मला हात लावू दिला नाही, माझं चित्त ठिकाणावर नाही म्हणाले. कागद मात्र मीच ट्रेमध्ये टाकला. आधी बोरीचे काटे आले, मग फूल, मग ते बोट, आणि शेवटी आबा. पाणी निथळायच्या आत मला माहीत होतं की आमचा वाटा वाचला. पण मी वाट्याचा विचार करत नव्हतो.

देवळात तो फोटो हातोहात फिरला. पाटील म्हणाले, वाटा राहील, राखण राहील, पोरगं खरं बोललं. तात्यांनी फोटो उजेडाकडं धरला, उलटा करून मागची बाजू बघितली, पुन्हा सुलटा केला. मी वाट बघत होतो, काय खुसपट काढतात. ते घसा साफ करून म्हणाले, "माझा बी येक काढशील का ह्या नळीनं? लांबूनच काढ. जवळून मला शरम वाटती." मी म्हणालो, "बघू." एवढ्यात हो म्हणणार नव्हतो. पुढं दिवाळीत काढला.

संध्याकाळी दिवेलागणीला जेवायला बसलो. आईनं माडगं वाढलं. आबांनी एक घास खाल्ला आणि बैलाकडं न बघता, सरळ माझ्याकडं बघून म्हणाले, "मला पयल्या दिशीच म्हाईत हुतं."

"काय?"

"तू आत गेला न्हाईस त्ये. देवळात यायच्या आधी मी फिरून आल्तो. पवन्या येकदा मोडला की उठत न्हाई. येक काडी मोडल्याली नव्हती."

माझा घास हातातच राहिला. "मंग देवळात का न्हाई बोल्लात?"

"राखनदारानं आपल्या पोराची साक्ष द्यायची नसती. आज मी तुझ्यासाठी बोल्लो, तर उद्या दुसऱ्याच्या पोराला धरल्यावर माझं कोन ऐकंल? भंडारा उचलला आस्तास तर दोघं बी सुटलो आस्तो."

"मी खरं बोल्लो हुतो. भंडारा कशाला?"

"मंग मी बी खरंच वागलो हुतो. बोलायचं कशाला?"

आई म्हणाली, "दोघांची डोकी येकाच धोंड्यातनं काढल्यात," आणि भाकरीचा तुकडा माझ्या ताटात टाकला.

मला त्यांचा राग आला. इतके दिवस माणूस शेजारी बसून जेवतो, पोरगं निर्दोष आहे हे त्याला माहीत असतं, आणि मीठसुद्धा बैलाकरवी मागतो. आता मी त्यांच्याहून जास्त वयाचा झालो, तरी थोडा राग येतोच. पण त्यांच्या जागी मी काय केलं असतं, असं मला कुणी विचारलं, तर मी सूनबाईकडं मीठ मागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुडिओला गेलो नाही. आबा उठायच्या आधी त्यांची काठी घेतली आणि बांधाबांधानं कुरणाला पुरी फेरी मारली. परत आलो तेव्हा ते चुलीपुढं चहा घेत होते.

"कुठं गेल्तास?"

"राखनीला."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "टेकडीच्या अंगाला काय हाय?"

"वगळीपाशी बांध ढासळलाय. शेळी आत शिरंल येवढी फट हाय."

"धोंडे हायत का तिथं?"

"हायत. खाली घरंगळल्यात. येकट्याला उचलनार न्हाईत."

आबा उठले, वहाणा घातल्या, आणि आम्ही दोघं गेलो. वगळीच्या घळीतून धोंडे वर आणले. पहिला मी ठेवायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला. "त्यो न्हाई. थोरला आधी. थोरला तळाला."

मी थोरला शोधून आणला.